मोडीच्या भावात जाणारी जुनी चांदी

जुन्या चांदीच्या भांड्याची किंमत म्हणजे वजन गुणिले आजचा भाव, वजा घट. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा इथल्या सराफ्यात हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ताट असो, पेला असो, पानदान असो की कुणा साहेबाच्या टेबलावरून आलेला चमचा असो, वस्तू तराजूत पडते, ठरावीक घट वजा होते आणि पैसे हातात येतात. दुकानदाराला हे सोयीचे वाटते आणि विकणाऱ्यालाही त्यात काही वावगे दिसत नाही, कारण 'चांदी ती चांदी' हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. पण ही समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे घराघरांतली चांगली भांडी मुशीत जातात, कमअस्सल भांडी चांदी म्हणून घरात येतात आणि नुकसान झाले हे दोन्ही वेळा कुणाला कळतसुद्धा नाही.

या समजुतीचा प्रतिवाद करायला लंडनच्या लिलावगृहांपर्यंत जाण्याची गरज नाही. शंभर वर्षांपूर्वी हिंगोलीच्या बाजारात चालणारा रुपया पुरेसा आहे. निजामाच्या राज्यात दोन रुपये एकाच वेळी चालत. एक निजाम सरकारचा हाली सिक्का, दुसरा इंग्रज सरकारचा कलदार. हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी शेकडा ८१.८. कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात चांदी शेकडा ९१.७. सरकारी दराने शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मिळत, म्हणजे सहा कलदारांना सात हाली. सहा कलदार तराजूत घातले तर वजन ७० ग्रॅम भरते, सात हाली घातले तर ७८ ग्रॅमहून थोडे अधिक. पण आतली निव्वळ चांदी काढली तर दोन्हीकडे ६४ ग्रॅमच निघते. आठ ग्रॅम जास्त वजनाचा ढीग आणि हलका ढीग त्या काळचा व्यापारी बरोबरीचे मानत होता, कारण त्याला वजन आणि कस यांतला फरक पाठ होता. जे ज्ञान रुपयाच्या देवघेवीत रोज वापरले जात होते, ते त्याच रुपयांतून घडवलेल्या भांड्याच्या बाबतीत विसरायचे, याला काही कारण नाही.

आणि भांडी बऱ्याचदा त्या रुपयांतूनच घडत. घरात लग्न निघाले की साठवलेले रुपये सोनाराकडे जात. तो ते आटवी आणि त्यातून वाटी, पेला, फुलपात्र, ताम्हण घडवून देई. अशा भांड्यावर कसाचा कोणताही सरकारी ठसा नसे, कारण इंग्लंडसारखी सक्तीची परख व्यवस्था हिंदुस्थानात नव्हतीच. मग भांड्याचा कस कोणता? जो रुपया मुशीत गेला त्याचा. कलदार आटवला असेल तर सुमारे ९१७, हाली आटवला असेल तर सुमारे ८१८. इंग्रज सरकारने १९४० ते १९४५ या काळात काढलेल्या रुपयात चांदी निम्मीच होती, बाकी तांबे, निकेल आणि जस्त. तो आटवून घडलेल्या भांड्याचा कस ५०० च्या आसपास. यात झाळकामाचा डाख मिसळतो. सोनाराने मजबुतीसाठी आणखी तांबे घातले असेल तर कस त्याहून खाली जातो. 'जुनी चांदी चोखच असते' हे वाक्य त्यामुळे निराधार आहे. चोख चांदीचे ताट रोजच्या जेवणाला टिकतही नाही, कारण ती इतकी मऊ असते की जरा आपटले तरी पोचा पडतो. वापरातल्या भांड्यात मिश्रण असणे हा दोष मानू नये. प्रश्न एवढाच की ते किती आहे, आणि वजनाचा काटा त्याचे उत्तर कधीच देत नाही.

एकसारख्या दिसणाऱ्या तीन तांब्यांचे उदाहरण घ्यावे. प्रत्येकाचे वजन २५० ग्रॅम. कलदाराच्या तांब्यात निव्वळ चांदी २२९ ग्रॅम, हालीच्या तांब्यात २०४ ग्रॅम, युद्धकाळातल्या रुपयाच्या तांब्यात १२५ ग्रॅम. समजा दुकानदार जुन्या भांड्याला सरसकट शेकडा ३० घट धरतो आणि तिन्हींचे १७५ ग्रॅमचे पैसे देतो. कलदारवाल्या घराची ५४ ग्रॅम चांदी गेली, तर तिसऱ्या तांब्यात दुकानदाराला ५० ग्रॅमचा फटका बसला. सरसकट घट म्हणजे व्यवहारातली सावधगिरी, असे तिचे समर्थन केले जाते. प्रत्यक्षात तो अंदाजावरचा सट्टा आहे, आणि ज्याला कस ठाऊक नाही तोच त्यात हरतो. बहुतेक वेळा तो विकणारा असतो.

हे झाले देशी भांड्यांचे. हिंगोलीत आणखी एका प्रकारची भांडी सापडण्याचा संभव इतर तालुक्यांच्या गावांपेक्षा जास्त आहे आणि त्याचे कारण गावाच्या इतिहासात आहे. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या गेलेल्या फौजेची हिंगोली ही एक छावणी होती. १८५३ च्या तहाने या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये ती फौज हिंदी लष्करात विलीन झाली. शहरातल्या रिसाला बाजाराच्या नावात त्या फौजेतल्या घोडदळाची आठवण आजही आहे. छावणी म्हटली की इंग्रज अधिकारी आले, त्यांची मेस आली, चहाची आणि जेवणाची विलायती भांडी आली. बदली झालेला साहेब आपले घरसामान लिलावात काढून जाई, ही त्या काळची सगळ्याच छावण्यांची रीत होती. त्यामुळे एखाद्या जुन्या वाड्यातल्या कपाटातून चोच असलेली चहादाणी, दुधाचा लहान जग, साखरेचा चिमटा किंवा भला मोठा वाढण्याचा डाव निघाला तर नवल नाही. अशा वस्तूवर इंग्रजी ठसे असतात, आणि तिथूनच दुसरी गफलत सुरू होते.

इंग्लंडमध्ये घडलेल्या स्टर्लिंग चांदीचा कस हजारात ९२५. तिच्यावरचे ठसे वाचता येणे अवघड नाही. चमचा पालथा करावा आणि दांड्याच्या मागच्या बाजूला भिंग धरावे. घड्याळजीचे भिंग चालते. उजवा पंजा उचलून डावीकडे चालणारा सिंह दिसला, तर तो ९२५ कसाचा ठसा. त्याच्या शेजारी शहराचे चिन्ह असते. बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, मुकुट म्हणजे १९७४ पर्यंतचे शेफील्ड. तिसरे असते एकच रोमन अक्षर, ते वर्षाचे. अक्षराचे वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार दर फेरीला बदलतो. लंडनची फेरी वीस अक्षरांची होती, म्हणून नुसते 'के' दिसले म्हणजे वर्ष कळले असे होत नाही. वळण आणि चौकट तक्त्याशी ताडून पाहावी लागते. चौथा ठसा कारागिराच्या किंवा पेढीच्या आद्याक्षरांचा. कधी पाचवाही असतो, राजाच्या किंवा राणीच्या डोक्याचा. चांदीवरचा कर भरल्याची ती खूण १७८४ ते १८९० या काळात मारली जात असे. चमच्यावर ते डोके असेल तर तो चमचा साधारण या काळातला. लंडनचा तक्ता हाताशी नसला तरी एवढे सांगता येते.

या ठशांची रचना नीट लक्षात ठेवायला हवी, कारण मुलामा दिलेल्या भांड्यांच्या कारखान्यांनी तिची हुबेहूब नक्कल केली. चहादाणीच्या बुडाशी चार छोट्या ढालींत चार रोमन अक्षरे दिसतात: ई, पी, एन, एस. दुरून ती अगदी हॉलमार्कसारखी वाटतात. त्यांचा अर्थ मात्र निकेल सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर म्हणजेच जर्मन सिल्व्हर. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते आणि त्यात चांदीचा कणही नसतो. मराठवाड्यात 'जर्मनचे भांडे' म्हटले की ॲल्युमिनियमचे भांडे समजले जाते, त्यामुळे 'जर्मन सिल्व्हर' या नावाने गोंधळ दुप्पट होतो. एकाला ते ॲल्युमिनियम वाटते, दुसऱ्याला जर्मनीची चांदी. दोन्ही चूक. ई.पी.बी.एम. अशी अक्षरे असतील तर आतला धातू कथलाचा मिश्रधातू असतो, मऊ आणि राखाडी.

विजेच्या मुलाम्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन बंधूंनी १८४० मध्ये घेतले. त्यामुळे ई.पी.एन.एस.चे भांडे 'पेशव्यांच्या काळातले' म्हणून कुणी दाखवत असेल तर ते ऐकूनही घेऊ नये. त्याआधी शेफील्डमध्ये १७४३ च्या सुमारास थॉमस बोल्सोव्हर याने वेगळी रीत शोधली होती. तांब्याच्या जाड पत्र्यावर चांदीचा पातळ पत्रा तापवून एकजीव करायचा, मग तो लाटून त्यातून भांडे घडवायचे. अशा भांड्याचा उंचवट्यावरचा भाग झिजला की आतून तांब्याची लाली डोकावते. पण लाली दिसली म्हणजे ते जुने शेफील्डच असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण तांब्यावरच्या विजेच्या मुलाम्यातूनही तशीच लाली दिसते. कडा पाहाव्यात. पत्र्याच्या कापलेल्या कडेवर तांबे उघडे पडू नये म्हणून जुना कारागीर ती दुमडत असे किंवा तिच्यावर चांदीची तार बसवत असे. विजेचा मुलामा मात्र कडेसकट सगळीकडे सारखा चढतो.

मुलाम्यात चांदी असते तरी किती? ६०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाची एक चहादाणी घ्यावी आणि तिच्यावर २० मायक्रॉनचा थर धरावा, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. चांदीचे घनफळ झाले १.२ घनसेंटिमीटर, वजन सुमारे साडेबारा ग्रॅम. चहादाणीचे वजन ७०० ग्रॅम असेल तर चांदी शेकडा दोनसुद्धा भरत नाही, आणि ती उतरवायला खर्च येतो तो वेगळाच. वजनावर चांदी घेणारा जर मुलाम्याला फसला, तर तो थोड्याथोडक्या फरकाने फसत नाही. म्हणून 'वजन करा आणि मोकळे व्हा' हा सल्ला त्याच्या स्वतःच्याही हिताचा नाही.

'कसोटीवर घासले की सगळे कळते', असे यावर हमखास उत्तर येते. कसोटीचा दगड हे उत्तम साधन आहे आणि मुरलेल्या सराफाची नजर फार काही सांगून जाते. पण दगडावर उमटते ती वस्तूच्या वरच्या कातडीची रेघ. मुलामा असेल तर रेघ मुलाम्याचीच येणार. तेजाबाचेही तसेच. नायट्रिक आम्लाच्या थेंबावर मिठाचे पाणी टाकले की चांदीचा दह्यासारखा पांढरा साका दिसतो, पण तो मुलाम्यातल्या चांदीचाही दिसतो. खरी परीक्षा करायची तर बुडाशी, न दिसणाऱ्या जागी कानशीने थोडे खोल जावे लागते. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर उघडे पडले की तेजाबाचा थेंब हिरवा होऊन फसफसतो. आता शहरांतल्या सराफ्यात क्ष-किरणांवर चालणारी टंच काढण्याची यंत्रे आली आहेत. त्यांच्या आकड्यावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात. पण तो आकडाही पृष्ठभागाजवळच्या पातळ थराचाच असतो. जाड मुलामा त्यात भरपूर चांदी म्हणून दिसू शकतो. यंत्राच्या पडद्यावर चांदीचा आकडा पाहून थांबू नये, निकेलचा आकडाही विचारावा. देशी सोनाराच्या जुन्या चांदीत निकेल येण्याचे कारण १९४० नंतरचा रुपया सोडला तर जवळजवळ नसते.

घरच्या घरी करता येईल अशी, वस्तूला ओरखडाही न काढणारी एक परीक्षा आहे आणि ती सराफ्यात फारच थोडे जण करतात. सराफाचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा. आधी कोरडी वाटी तोलावी, समजा १२० ग्रॅम भरली. मग काट्यावर पाण्याने भरलेले काचेचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा. वाटी बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवावी, पण ती तळाला किंवा काठाला टेकू देऊ नये. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घनसेंटिमीटर वाटीचे घनफळ. वजनाला त्याने भागावे. वाटी स्टर्लिंगची किंवा कलदाराच्या चांदीची असेल तर आकडा ११.६ च्या जवळ येतो आणि भागाकार साडेदहाच्या थोडा खाली. जर्मन सिल्व्हरची असेल तर आकडा पावणेचौदाच्या पुढे जातो आणि भागाकार पावणेनऊच्या आसपास राहतो. मुलामा कितीही जाड असला तरी या हिशेबाला तो फसवू शकत नाही. दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. नक्षीत अडकलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढावेत. दुसरे म्हणजे पोकळ वस्तूंवर हा प्रयोग करू नये. विलायती सुरीची मूठ आणि मेणबत्तीची दाणी बाहेरून चांदीच्या पातळ पत्र्याची असते आणि आत राळेसारखा भराव असतो. अशा वस्तू नुसत्या तराजूत घातल्या तर भरावाचेही चांदीच्या भावाने पैसे दिले जातात. ८१८ आणि ९१७ यांतला फरक पाण्याने नेमका कळत नाही, त्यासाठी टंच काढावाच लागतो. पण चांदी की मुलामा, हा पहिला प्रश्न एका पेल्याभर पाण्यात सुटतो.

वजनाच्या आंधळेपणाला विरोध करताना उलट टोकाला जाणाऱ्यांनाही थांबवले पाहिजे. ठशातला सिंह दिसला की वस्तू लाखांची, असे मानणारी मंडळी वाढत आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या कारखान्यांनी चमचे आणि काटे अफाट संख्येने काढले. त्यातला सुटा, साधा, झिजलेला चमचा आज कुठेही धातूच्या भावाच्या फार वर जात नाही. मुलाम्याची साधी चहादाणी वापरायला छान असते, तिला संग्राहक मात्र मिळेलच असे नाही. परदेशातल्या लिलावाचा आकडा पाहून हिंगोलीतल्या वस्तूची किंमत ठरवणे आणखी एका कारणाने व्यर्थ आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. लंडनचा भाव लंडनच्या गिऱ्हाइकाचा असतो. जी वस्तू तिथे जाऊच शकत नाही, तिला तो लावता येत नाही.

मग वजनाच्या वरची किंमत येते कुठून? इथे निजामाच्याच राज्यातला दुसरा दाखला पुरेसा बोलका आहे: बिदरी काम. १९५६ पर्यंत बीदर आणि हिंगोली एकाच हैदराबाद राज्यात होते. बिदरी पानदान किंवा हुक्क्याचे बूड जस्ताच्या मिश्रधातूचे असते, सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे असे साधारण प्रमाण. त्यात चांदीची तार आणि पातळ पत्रा ठोकून नक्षी भरतात आणि बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागरासह लावून जस्ताचा भाग काळा करतात. चांदी काळी पडत नाही, म्हणून काळ्यावर पांढरी वेल उठून दिसते. तराजूच्या न्यायाने जुन्या बिदरी पानदानाची किंमत किलोभर जस्ताएवढी ठरेल. तसे कुणी म्हणत नाही. बिदरीच्या बाबतीत कारागिरीला किंमत आहे हे सगळ्यांना मान्य असते. मग त्याच दर्जाची कारागिरी पूर्ण चांदीच्या पात्रावर असली की ती एकाएकी शून्य कशी होते?

कारागिरी ओळखायला नजर लागते, पण ती कमावता येते. भूजच्या कारागिरांची दाट पानाफुलांची वेल, काश्मीरची चिनारपाने, मद्रासकडची देवदेवतांची उठावाची चित्रे, कलकत्त्याकडची खेड्यातल्या जीवनाची दृश्ये, पुण्यात उठावाने घडवलेल्या देवतांच्या आकृती, यांत प्रत्येकाची हातोटी वेगळी दिसते. भूजचे उमरसी मावजी यांच्या भांड्यांवर त्यांची रोमन आद्याक्षरे असतात. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि मद्रासची पी. ऑर या पेढ्याही आपापले ठसे मारत. हे ठसे पेढीचे असतात, सरकारी परखेचे नसतात, म्हणून ते कसाची हमी देत नाहीत, पण घडवणाऱ्याची ओळख देतात. असा ठसा असलेले भांडे मुशीत टाकणे हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे. हाताने ठोकलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूला हातोडीचे बारीक ठोके बोटाला लागतात आणि उठावाच्या नक्षीचा खळगा आतून जाणवतो. साच्यातून ओतलेल्या नक्षीत रेषा बोथट असतात आणि आतली बाजू सपाट असते.

नावे आणि तारखा यांचा अनर्थ सर्वांत वाईट होतो. भांड्यावर टोच्याने ठिपक्याठिपक्यांनी घातलेले नाव दिसले की सराफ म्हणतो, 'नावाचं भांडं, भाव कमी येईल.' आटवायचेच असेल तर नावाने चांदी कमी होत नाही, आणि ठेवायचे असेल तर तेच नाव भांड्याच्या वयाचा एकमेव लेखी पुरावा असतो. कोणी कोणाला, कोणत्या लग्नात दिले, हे त्यावर नोंदलेले असते. बिनठशाच्या देशी चांदीला दुसरा जन्मदाखला नाही. कुणी ते नाव घासून पुसले असेल तर तिथला पत्रा पातळ होतो. भांड्यावर तोंडाची वाफ सोडली की पुसलेल्या जागेची कड आणि जुन्या डाखाची रेघ क्षणभर उमटते.

तारीख वाचताना तर आणखी सावध राहायला हवे. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार फसली सनाने चाले, हाली रुपयावर हिजरी सन असे आणि घरातल्या पंचांगात शक. एखाद्या ताटावर नुसते '१३४०' कोरलेले असेल तर ते इसवी सन समजून ताट सातशे वर्षांचे ठरवणारे भेटतात. फसली असेल तर १३४० म्हणजे १९३०-३१, कारण हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवावे लागतात. हिजरी असेल तर १९२१-२२. शक असेल तर ७८ मिळवून १४१८, आणि तेवढे जुने घरगुती ताट आजवर टिकलेले असण्याची शक्यता इतकी कमी की तो पर्याय बाजूला ठेवणेच योग्य. फसली की हिजरी हे लिपीवरून, सोबतच्या नावावरून आणि घराण्याच्या कागदपत्रांवरून ठरते. शंभर वर्षांची कायदेशीर रेघ लक्षात घेतली तर या नऊ वर्षांच्या फरकालाही महत्त्व आहे.

भांड्याची अवस्था किमतीत मोठा फरक पाडते, आणि ती बहुधा प्रेमापोटीच बिघडते. राख, रांगोळी आणि चिंच लावून दर सणाला घासलेल्या ताटाची नक्षी दोन पिढ्यांत गुळगुळीत होते. मुलाम्याच्या पेल्याचा काठ पिवळा पडतो तो याच घासण्याने. जुन्या शेफील्डच्या भांड्याला नवा विजेचा मुलामा देऊन चकचकीत करणे तर चुकीचेच आहे. तांब्याची लाली झाकली जाते आणि तिच्याबरोबर भांड्याची ओळख आणि किंमतही. काळी पडलेली चांदी खराब झालेली नसते. तो गंधकाशी संयोग होऊन आलेला पातळ थर असतो आणि मऊ फडक्याने, सौम्य पॉलिशने निघतो. नक्षीच्या खळग्यातला काळेपणा राहू द्यावा, त्यानेच रेषा वाचता येते.

सराफांच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे मांडल्या जातात आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिली अशी की दुकानदार धातू विकत घेतो, तो आटवणार आहे, कारागिरीचे पैसे त्याने का द्यावेत? त्याने देऊ नयेत, हे बरोबर आहे. पण मग आपण देतो ती मोडीची किंमत आहे, भांड्याची नाही, हे त्याने विकणाऱ्याला स्पष्ट सांगावे. दोन्ही एकच असल्याचा आव आणू नये. दुसरी गोष्ट म्हणजे झाळ, मळ आणि मिश्रण यांसाठी घट धरावीच लागते. तीही खरी. पण घट कस तपासल्यावर ठरते, आधी नाही. कस तपासण्याची सोय आज पूर्वीपेक्षा सुलभ आहे. भारतीय मानक ब्युरोचे चांदीचे हॉलमार्किंग ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यात प्रत्येक डागाला स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याची पद्धत आली आहे आणि ८०० पासून ९९९ पर्यंत सात कस ठरवून दिलेले आहेत. त्यांत स्टर्लिंगचा ९२५ ही आहे. हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या खामगावला 'रजतनगरी' म्हणतात आणि ते नाव चांदीच्या कसाबद्दलच्या विश्वासावर मिळालेले आहे. कसाला किंमत देणारा बाजार आपल्याच भागात उभा राहू शकतो, याला यापेक्षा जवळचा दाखला नको.

जिल्ह्यातल्या सराफांकडे मागणी एकच आहे आणि ती अवघड नाही. जुने भांडे मोडीत घेताना पावतीवर एकूण वजन, तपासलेला कस आणि निव्वळ चांदी हे तीन आकडे वेगवेगळे लिहावेत, आणि भांड्यावर ठसा, नाव किंवा सन असेल तर आटवण्याआधी तो विकणाऱ्याला भिंगातून दाखवावा. विकणाऱ्यांनीही हे तीन आकडे लिहिलेले नसतील तर भांडे उचलून घरी परत न्यावे.